मरीआईचा कोंबडा

आमच्या शाळेत देव रोज सकाळी साडेसातला हजेरी घेतो, अशी आप्पांची ठाम समजूत होती. फादर माइकवर प्रार्थना म्हणत, आठशे मुलं माना खाली घालून उभी असत, आणि शेवटी सगळी एका सुरात म्हणत, "आमेन." आप्पांना ते "आमी" असं ऐकू यायचं.

"देव इचारस, कोन कोन शे?" माझ्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समजावून दिलं होतं. "आनि पोरे म्हनतस, आमी!"

त्यामुळे सगळ्यांचं आमेन होऊन गेलं की क्षणभरानं फाटकाजवळून आप्पांचा एकट्याचा आवाज यायचा, "आमी!" उजवा हात वर. नवीन मुलं फिदीफिदी हसायची, जुन्या मुलांना त्याशिवाय प्रार्थना संपल्यासारखी वाटायची नाही. त्यांना दुरुस्त करायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. पडलं असतं तर आप्पांनी उलट देवालाच दुरुस्त केलं असतं.

मस्टरवर त्यांचं नाव पुंडलिक दगडू पाटील आणि हुद्दा शिपाई. प्रत्यक्षात शाळेत त्यांच्यावर फक्त मुख्याध्यापक होते, आणि तेही बऱ्याचदा आप्पांना विचारून. शिरपूरकडचा हा माणूस तरुणपणी सुरतेला आला, बमरोलीच्या लूमवर दहा वर्षं उभा राहिला, आणि त्या खडखडाटात डावा कान गमावून बसला. मग कुणा जुन्या फादरनं त्यांना शाळेत आणलं. बायको वारलेली, मुलगी सासरी. वसतिगृहाच्या मागच्या भिंतीला लागून त्यांची खोली होती आणि कडुनिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा ही त्यांची घंटा. मधल्या सुट्टीची घंटा घड्याळावर नव्हे, आप्पांच्या पोटावर वाजायची. एकादशीला मधली सुट्टी दहा मिनिटं आधी व्हायची.

शाळा कॅथलिक, पण मुलं सगळ्या गुजरातची आणि निम्म्या खानदेशची. हिऱ्याच्या कारखानदारांची मुलं मोटारीतून उतरायची आणि लूमवाल्यांची मुलं उधन्याहून चालत यायची. एकाच्या डब्यात तीन खण, दुसऱ्याकडे डबाच नाही. यावर आप्पांनी एक टोपली काढली होती. त्या टोपलीला मुलं गुजरातीत 'वधारानी' म्हणत, म्हणजे जास्तीची. ज्याच्याकडे डबा आहे त्यानं घरून एक पोळी किंवा भाकरी जास्तीची आणायची.

इतपत दानधर्म कुठल्याही शाळेत चालतो. आप्पांची अक्कल पुढे होती. टोपलीवर ते जाड गोधडी टाकत आणि शाळेतल्या यच्चयावत मुलाला तिच्याखाली हात घालायला लावत. हात घालताना मूठ कपड्याआड, काढतानाही कपड्याआड. कोणी टाकली, कोणी काढली, कोणी दोन्ही केलं, हे आप्पांना सोडून कुणाला कळत नसे, आणि आप्पा तेव्हा मुद्दाम आभाळाकडे बघत. कारखानदाराच्या मुलाच्या हाती कळण्याची भाकरी यायची आणि बमरोलीच्या पोराच्या हाती मेथीचा ठेपला. टोपलीत भाजीला मात्र सक्त मनाई होती.

"भाजीले जात ऱ्हास, भाकरले नही," असं आप्पा म्हणत. एका आईनं मोठ्या हौसेनं पाठवलेली लसणाची चटणी त्यांनी परत पाठवली होती, कारण त्यावरून जैन मुलांचा हात आखडला असता.

शिक्षकांनीही हात घालावा, असा त्यांचा आग्रह असे. मी कधी घातला नाही. मी चित्रकलेचा शिक्षक, नाशिकचा, माझा डबा माझी बायको शैला देते, मला काय गरज, असा माझा तोरा होता.

आता मरीआईचं सांगतो. शाळेच्या आवारात दगडांची एक छोटी गुहा रचलेली होती आणि तिच्यात मदर मेरीची पांढरी-निळी मूर्ती. आप्पांनी ती पहिल्या दिवशी पाहिली, लोकांना नाव विचारलं, एका कानानं ऐकलं, आणि हात जोडले. मेरी म्हणजे मरी, आणि मरी म्हणजे मरीआई. एवढ्या दूर परमुलखात आपल्या गावची देवी भेटली, तीही गोऱ्या साहेबांच्या घरी, याचं त्यांना फार कौतुक वाटलं. तेव्हापासून दर मंगळवारी मूर्तीच्या पायाशी एक लिंबू आणि वाटीभर दहीभात असे. दहीभात वसतिगृहातली मांजर खाई. आधीचे म्हातारे फादर हे बघत आणि दाढीत हसत.

नव्वदच्या दशकातल्या त्या साली, म्हणजे ज्या साली सुरतेत प्लेग आला त्याच साली, जूनमध्ये फादर सलढाणा मुख्याध्यापक म्हणून आले. मंगळूरचे, उंच, कोरडे, धर्मशास्त्रात डॉक्टरेट. मराठी ते पुण्याच्या सेमिनरीत पुस्तकांवरून शिकले होते, त्यामुळे साधं पाणी मागतानाही निबंध लिहिल्यासारखे बोलत. दुसऱ्या मंगळवारी त्यांनी लिंबू पाहिलं.

"आप्पा, ही प्रथा त्वरित बंद व्हावी," ते म्हणाले. "ही मरीआई नव्हे. ही मदर मेरी."

"तेच ते, फादर," आप्पा म्हणाले. "तुमी मेरी म्हनतस, आमी मरी म्हनतस. तुमनी जीभ थोडी वाकडी शे."

  फादर हट्टी होते आणि त्यांच्या दृष्टीनं हा हसण्यावारी नेण्याचा विषय नव्हता. रोगराई आणणारी देवी आणि त्यांची माता एकच, हे ऐकून त्यांच्या जिवाला खरंच लागत असे. त्यांनी आप्पांना ताकीद दिली. पुढच्या मंगळवारी लिंबू पाण्याच्या टाकीआड सरकलं, एवढाच फरक पडला.

ऑगस्टात मेरीचा सण असतो. त्याआधी मूर्ती रंगवायचं काम माझ्याकडे आलं. आप्पा रंगाचा डबा धरून शेजारी उभे राहिले. निळा झगा, पांढरा पदर, सगळं यथास्थित झालं, आणि मग आप्पा हळूच म्हणाले, "सर, माय उघडी उघडी दिखस. हिरवा काठ काढी द्या ना. बोटभर."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण सकाळीच त्यांनी मला गावाहून आलेल्या उडदाच्या पापडांचा मोठा पुडका दिला होता, आणि खरं सांगायचं तर त्या निळ्याला हिरवा काठ शोभतही होता. काढला. बोटभरच काढला. सणाच्या दिवशी बिशपांच्या समोर, आठशे मुलांच्या समोर, मदर मेरी हिरव्या काठाची पैठणी नेसून उभी राहिली.

पाहुणे गेल्यावर फादरांनी आम्हा दोघांना बोलावलं. "हे कोणी केले?" त्यांनी विचारलं.

माझ्या नखांत अजून हिरवा रंग होता. मी हात मागे घेतले आणि म्हणालो, "मी निळा देऊन घरी गेलो होतो, फादर."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी काढा," ते म्हणाले. मला इतकं हायसं वाटलं की लाज वाटायला दोन दिवस लागले.

फादरांनी शेवटची संधी दिली. पुढच्या मंगळवारी लिंबू पुन्हा हजर. मग सप्टेंबरात एक दिवस आप्पा एक पाकीट घेऊन चित्रकलेच्या वर्गात आले. फादरांनी दिलं होतं, आणि आप्पांना वाचता येत नव्हतं.

"काय लिखेल शे, सर?"

मी वाचलं. महिनाअखेरीस सेवा समाप्त, खोली रिकामी करावी, खाली सही. वीस वर्षं ज्या खोलीत हा माणूस राहिला ती आठवड्या-दोन आठवड्यांत सोडायची होती, आणि त्याला लिंबाइतकाच कारण होता माझा बोटभर काठ. मी चिठ्ठीची घडी घातली.

"काही नाही," मी म्हणालो. "घंटेबद्दल आहे. वेळेवर वाजवा म्हणताहेत."

"बस?" आप्पा म्हणाले, चिठ्ठी टोपीत खोचली आणि गेले. मी ठरवलं होतं की एक-दोन दिवसांत फादरांना गाठून सगळं कबूल करायचं. ते एक-दोन दिवस आलेच नाहीत, कारण गणपती उठले आणि प्लेग आला.

ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगायला नको. लोक तव्यावरची पोळी तव्यावर टाकून निघाले. स्टेशनावर पाय ठेवायला जागा नव्हती, जो तो तोंडाला रुमाल बांधून, आणि प्लेगवरची कॅप्सूल मिळवण्यासाठी माणसं ओळखीच्या ओळखी काढत होती. शाळा बंद झाली. वसतिगृहातली डांगकडची पंचवीस मुलं मात्र तिथंच अडकली, त्यांना न्यायला कोणी येऊ शकत नव्हतं.

मी कपाटाची किल्ली द्यायला शाळेत गेलो तेव्हा फाटकावर आप्पा उभे होते.

"सर, आचारी पयी गया," ते म्हणाले. "पंचवीस पोरे शेत. फादर शेत. मी शे. आजून दोन हात लागतीन."

"आप्पा, मुलाला ताप आहे," मी म्हणालो. "नाशिकला न्यायलाच हवं." माझा मुलगा त्या वेळी घरी पलंगावर उड्या मारत होता.

त्या दिवसांत सुरतेत 'ताप' हा शब्द उच्चारला की माणसं दहा पावलं मागे सरत. आप्पा पुढे आले. टोपलीतून चार भाकरी काढून त्यांनी माझ्या पिशवीत टाकल्या. "वाटमा खावाले," ते म्हणाले. मी विचारलं, तुम्ही नाही का निघत? त्यावर ते हसले.

"मी कसाले पयू? रोग जिनी धाडा, ती आपलीच माय शे. पोलीसना मार चुकाडाना तं पोलीसनीच ओळख पाहिजे ना!"

पुढचं मी पाहिलेलं नाही. मी नाशिकला होतो, मेहुण्याच्या गच्चीवर, कॅप्सूल खात. पुढचं मला वसतिगृहातल्या मुलांनी सांगितलं, आणि थोडं फादरांनी.

आप्पांनी चूल ताब्यात घेतली आणि फादरांना पीठ मळायला बसवलं. फादरांच्या भाकरीला तीन कोपरे येत. "फादर, हाई भाकर शे का तुमना बिशपनी टोपी?" आप्पा विचारत, आणि पोरं हसत. दुपारी फादर प्रार्थना घेत आणि आप्पा शेवटी "आमी!" ओरडत. शाळेच्या मागच्या चाळीत जी चार-सहा घरं मागे राहिली होती तिथं ती टोपली जायची, गोधडी टाकून, अगदी नियमानं. भाकरी घ्यायला आलेल्या म्हातारीलासुद्धा आप्पा आधी मूठ आत घालायला लावत.

पाचव्या दिवशी फादरांना ताप भरला. अंग थरथरायला लागलं आणि ते खोलीचं दार आतून लावून बसले, मुलांना लागू नये म्हणून. मुलं रडायला लागली. आप्पा मूर्तीसमोर गेले आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "माय, हाऊ मानूस उठू दे. तुले कोंबडा देसू."

मग ते सायकलवर बसून त्या ओस गावातून एका म्हाताऱ्या पारशी डॉक्टरला घेऊन आले, डबल सीट. डॉक्टरांनी तपासलं, रक्त पाहिलं आणि म्हणाले, मलेरिया आहे. मलेरिया झाला म्हणून देवाचे आभार मानणारा त्या महिन्यातला सुरतेतला बहुधा एकच माणूस म्हणजे फादर. पाचव्या गोळीला ताप उतरला. आप्पांनी मात्र डॉक्टरला त्याचं श्रेय दिलं नाही.

दसऱ्याच्या सुमाराला मी परतलो. फाटकावर आप्पा होतेच.

"ऊनात का, सर?" ते म्हणाले. "पोऱ्याना ताप उतरना ना?"

मी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. तेवढ्यात आतून कोंबडा आरवला. तांबडा, चांगला गुडघाभर उंच, गुहेच्या कठड्याला सुतळीनं बांधलेला. त्याच्या एका बाजूला फादर उभे होते, आणि आप्पा लगबगीनं दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले. वाटाघाटी चालू होत्या.

"मातेच्या चरणी रक्तपात होणे नाही," फादर म्हणाले.

"मंग फेडू कसा? बोलेल शे मी. तुमना जीवना नवस शे, फादर. नही फेडा तं ताप परत ई."

धर्मशास्त्राच्या त्या डॉक्टरनं स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.  मग ते म्हणाले, "आप्पा, तुमच्या गावी देवाच्या नावाने प्राणी मोकळा सोडतात, असे मी ऐकले आहे."

"सोडतस," आप्पा म्हणाले. "तो मंग कोनाना नही. देवना."

"मग सोडा," फादर म्हणाले आणि वाकून स्वतःच्या हातांनी त्यांनी सुतळी सोडली.

असा मरीआईचा कोंबडा कॅथलिक शाळेत रुजू झाला. तो माझ्या वर्गाच्या खिडकीत बसून आरवायचा. एका सकाळी तो प्रार्थनेच्या मधोमध आरवला तेव्हा फादरांनी मुलांना पीटरची गोष्ट सांगितली. येशूला पकडून नेलं तेव्हा त्याच्या या जिवलग शिष्यानं तीनदा म्हटलं, मी याला ओळखत नाही, आणि तिसऱ्यांदा म्हणताच कोंबडा आरवला. मुलांना गोष्ट आवडली. मी उभ्या उभ्या बोटं मोजली. काठ, चिठ्ठी, ताप. बरोबर तीन भरली.

त्याच दुपारी मी फादरांच्या ऑफिसात गेलो आणि काठाचं सांगून टाकलं.

"ते मला ठाऊक होते," फादर म्हणाले. "आप्पांना सरळ रेघ येत नाही. परंतु मला दुसरे काही सलते आहे. महिनाअखेर मी तापात होतो. त्या दिवशी त्यांची सेवा संपली होती. काढून टाकलेला माणूस माझ्या उशाशी बसून होता."

"त्यांना माहीत नव्हतं, फादर," मी म्हणालो. "चिठ्ठी मी वाचून दाखवली. खोटी वाचली."

फादर उठले. आम्ही दोघं आप्पांच्या खोलीवर गेलो. आप्पा टोपलीची गोधडी शिवत बसले होते. मी चाचरत सगळं सांगितलं. आप्पांनी दातांनी दोरा तोडला, टोपी काढली, आणि तिच्यातून घामानं मऊ झालेली ती चिठ्ठी काढून फादरांपुढे धरली.

"हाई तुमनी चिठ्ठी. चुलाले लावाना इचार व्हता, पन तुमनी सही शे म्हनीसन ठेवी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, माले अक्षर वाचता येत नही. पन मानूसनं तोंड वाचता येस. तुमनं तोंड त्या दिवस लई मोठ्ठा अक्षरमा व्हतं."

"ठाऊक असूनही आपण गेला नाहीत?" फादरांनी विचारलं.

"कोठे जाऊ?" आप्पा म्हणाले. "देवले रोज सांगस, आमी. 'मी' नही सांगत. मंग येकला मी कसा जाऊ?"

फादरांनी चिठ्ठीचे बारीक तुकडे केले आणि खिशात टाकले. 'आमेन' म्हणजे 'तथास्तु', हे सांगायची ती चांगली संधी होती, त्यांनी ती घेतली नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी टोपलीच्या रांगेत उभा राहिलो, माझ्यामागे फादर. गोधडीखाली माझ्या हाती मेथीचा ठेपला आला. आप्पा आभाळाकडे बघत होते.

हिरवा काठ पुसला गेला नाही. पुढे दोनदा मूर्ती रंगवली, दोन्ही वेळा फादर जवळून जाताना म्हणाले, "जसे आहे तसेच ठेवा, सर," आणि थांबले नाहीत.

पाच वर्षांनी आप्पांचा उजवा कानही गेला आणि मुलगी त्यांना न्यायला आली. निरोप समारंभ त्यांनी होऊ दिला नाही, हारानं मान खाजते म्हणाले. रिक्षा फाटकाशी उभी होती. पत्र्याची पेटी, वळकटी, एवढंच सामान. गोधडी त्यांनी दहावीच्या मुलांच्या हवाली केली होती आणि वर कसं बघायचं तेही शिकवलं होतं. म्हातारा झालेला कोंबडा रिक्षाच्या चाकाशी घुटमळत होता, तो चिरडू नये म्हणून फादरांनी उचलून काखेत धरला. मुलगी म्हणाली, बाबा, कोंबडा घेऊ या की.

"तो मना नही, मायना शे," आप्पा म्हणाले. मग रिक्षातून डोकं बाहेर काढून, कान गेलेला माणूस बोलतो तसे मोठ्यानं ओरडले, "फादर! मंगळवार!"

"लक्षात आहे," पांढऱ्या झग्यातले फादर काखेतला कोंबडा सावरत तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले. रिक्षा वळली. आप्पांचा उजवा हात बाहेर होता, हजेरी देताना असायचा तसाच वर. तो उधना दरवाज्याकडच्या गर्दीत दिसेनासा होईपर्यंत आम्ही बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना झाली. आठशे मुलं "आमेन" म्हणाली आणि गप्प उभी राहिली. फाटकाजवळ कोणी नव्हतं. फादरांनी 'वर्गात जा' म्हणायला हवं होतं, ते म्हणेनात. कोणीच हलेना. शेवटी मला ते सहन होईना. मी उजवा हात वर केला आणि घसा फोडून ओरडलो, "आमी!"

फादरांनी माझ्याकडे पाहिलं.

"विलंबाने," ते माइकवरूनच म्हणाले, "परंतु उपस्थित."